तिघांची होडी

बारामती आणि इंदापूर हे तालुके म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें कालव्याखालचा ऊंस उभा राहतो, किंवा पावसाची वाट पाहत पडलेलें माळरान. होडीची आठवण सहसा कोणास होत नाहीं. होडीविषयीं कोंकणांतल्या माणसानें बोलावें आणि देशावरच्या माणसानें मोटेविषयीं, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु १९८० सालीं भीमेवरचें उजनी धरण पुरें झालें आणि ही समजूत बदलण्याची वेळ आली. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत आहे. पण तिनें अडविलेलें पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेनें मागें पसरत थेट दौंडच्या बाजूपर्यंत गेलें आहे. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी पोटांत घेणारा हा जलाशय पावसाळ्याच्या अखेरीस भरला, म्हणजे रुंद जागीं पलीकडच्या कांठावरचें माणूस ओळखूं येत नाहीं.

या पाण्यावर होड्या आल्या त्या प्रथम मासेमारीसाठीं. पुढें भिगवण, कुंभारगांव, डिकसळ या बाजूस येणारे रोहित पक्षी पाहण्यास लोक जमूं लागले आणि मासेमारांच्या होड्या त्यांना हिंडवून आणूं लागल्या. आतां कांहीं तरुण मंडळींच्या मनांत आणखी एक हौस उत्पन्न झाली आहे. आपली स्वतःची होडी घ्यावी, तिघांनीं मिळून ती वल्हवावी, शिधा व तंबू बरोबर घ्यावा, आणि वस्तीपासून दूर दोन रात्री पाण्याच्या कांठीं काढाव्या, अशी ती हौस. हौस चांगली आहे. परंतु तिघांसाठीं होडी कोणती घ्यावी, या प्रश्नाचें उत्तर दुकानांतल्या चिठ्ठीवर मिळत नाहीं. चिठ्ठीवर "तीन माणसें" एवढेंच लिहिलेलें असतें, आणि तेवढ्यावर व्यवहार होऊन जातो. तीन माणसें बसणें आणि तीन माणसें सुखरूप परत येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक कसा ओळखावा, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. २१ मे २०२४ रोजीं संध्याकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे येणारी एक प्रवासी होडी अकस्मात् सुटलेल्या वादळी वाऱ्यांत उलटली. होडींत सात माणसें होतीं. एकजण पोहून कांठास लागले. बाकीचीं सहा माणसें बुडालीं, आणि त्यांत लहान मुलेंही होतीं. त्या दिवशींच्या होडीविषयीं निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. सकाळीं आरशासारखें दिसणारें हेंच पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस घटकेंत केवढें खवळूं शकतें, हें मात्र होडी निवडणाऱ्यानें आरंभींच मनांत धरावें.

प्रवासाला सोईची म्हणून ज्या होडीचें नांव आज पुष्कळ ऐकूं येतें, ती कॅनू. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांनीं भूर्जाच्या जातीच्या झाडाची साल लांकडी सांगाड्यावर ताणून ही होडी सिद्ध केली. एका सरोवरांतून दुसऱ्या सरोवरांत जातांना ती खांद्यावर उचलून नेतां येत असे. तिच्या हलकेपणाचें कारण हेंच. कॅनू लांबट, अरुंद, वरून उघडी आणि दोन्ही टोकांस निमुळती असते. वल्हविणारीं माणसें पुढें तोंड करून बसतात, आणि वल्हें होडीस न बांधतां हातांतच धरतात. आपल्या जलाशयावरील मासेमाराची होडी याहून रुंद व जड असते. जाळें ओढण्याच्या कामीं तिचा रुंदपणा उपयोगी पडतो. पण दिवसभर तिघांनीं वल्हवून मजल मारावयाची झाली तर तोच जाचक होतो.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न होडीचा नव्हेच, पाण्याचा आहे. या दोन तालुक्यांत दोन प्रकारचें पाणी आहे. दक्षिणेच्या अंगानें नीरा वाहते. ती बारामतीस फलटणपासून व इंदापुरास माळशिरसपासून वेगळें करते आणि नीरा-नरसिंहपुराशीं भीमेस मिळते. या नदीवर जागोजागीं कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. प्रत्येक बंधाऱ्यापाशीं होडी कांठास लावून, सामान उतरवून, उचलून पलीकडे न्यावी लागते. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याच्या पायथ्याशीं भोंवरा उलटा फिरत असतो आणि त्यांत सांपडलेली वस्तु तो सहसा बाहेर सोडीत नाहीं; म्हणून होडी बंधाऱ्यावरून लोटण्याचें साहस कोणीही करूं नये. अशा नदीवर होडी हलकी हवी, आणि चटकन् वळणारी हवी. उत्तरेच्या अंगास उजनीचें पाणी आहे. तेथें प्रवाह जवळजवळ नाहीं. तेथें सत्ता वाऱ्याची. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांबवर धांवतो तितकी लाट मोठी होते. तेथें होडी लांब हवी, सरळ चालणारी हवी, आणि तिची कड उंच हवी. ज्या पाण्यावर आपण अधिक दिवस काढणार त्या पाण्याची होडी घ्यावी. दोन्ही पाण्यांचा मेळ घालावयाचाच असेल, तर जें पाणी अधिक धोक्याचें तें डोळ्यांपुढें ठेवावें. आणि तिघांच्या भरल्या होडीला उजनीचें पाणी अधिक धोक्याचें आहे.

दुसरा प्रश्न वजनाचा. येथें अंदाजावर विसंबूं नये. कागद घेऊन बेरीज करावी. प्रत्येक माणूस ६५ किलोंचें धरलें तर तिघांचे १९५ किलो झाले. पुण्याकडचें सांडपाणी मुळा-मुठेच्या वाटेनें भीमेंत उतरतें आणि तेथून उजनींत येतें. म्हणून पिण्याचें पाणी बरोबरच न्यावें लागतें. माणशीं रोजचे चार लिटर धरले, तर तीन दिवसांचे ३६ लिटर, म्हणजेच ३६ किलो. तंबू, अंथरूण, भांडीं व शिधा मिळून ३० किलो. होडीचें स्वतःचें वजन ३५ किलो. एकूण बेरीज २९६ येते. आपण ३०० किलो धरूं.

आतां हें वजन होडीस किती खालीं नेतें तें पाहूं. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेंत शिकलों आहों. १७ फूट लांब व ३ फूट रुंद अशी कॅनू घ्या. टोकें निमुळतीं असल्यामुळें पाण्याच्या पातळीवर तिचें क्षेत्र ५१ चौरस फूट न भरतां सुमारें ३३ भरतें. एवढ्या क्षेत्रावर एक इंच पाण्याचें वजन अदमासें ७८ किलो होतें. याचा अर्थ असा कीं, ७८ किलो वजन टाकलें म्हणजे होडी एक इंच खालीं जाते. तळाकडे ती अधिक निमुळती असल्यानें आरंभीं थोडी जास्तच बसते. तें धरून ३०० किलोंना ती साडेचार-पांच इंच बुडेल. तिची मध्यभागींची खोली १३ इंच असेल तर पाण्याच्या वर आठ इंच कोरडी कड उरेल. आतां १४ फूट लांब, पावणेतीन फूट रुंद व १२ इंच खोल अशी लहान होडी घ्या. तिचें क्षेत्र २५ चौरस फुटांच्या आसपास येतें, आणि इंचास ५९ किलोच पुरतात. तेंच ओझें घेऊन ती सहा इंच बुडते व सहा इंच कड उरते.

सहा इंच ही शांत पाण्यावरची शेवटची मर्यादा समजावी. त्यांत वाऱ्यासाठीं कांहींच राखून ठेवलेलें नाहीं. फूटभर उंचीची लाट आडवी आली, त्याच क्षणीं एकानें कुशी बदलली, कीं पाणी आंत येतें. आंत आलेलें पाणी होडीस आणखी खालीं बसवितें, म्हणून पुढच्या लाटेचें काम सोपें होतें. शिवाय तें एका बाजूस धांवतें आणि कललेल्या होडीस अधिक कलवितें. १४ फुटी होडींत दोघे सुखानें जातील. तिसरा चढला कीं राखीव सर्व खर्च होतें. जाहिरातींत होडी किती किलो वाहते तो आकडा असतो. तो आकडा पाहण्यापेक्षां, आपलें सर्व ओझें घातल्यावर कोरडी कड किती उरते, हें विचारावें. तिघांसाठीं १७ ते साडेअठरा फूट लांबीची होडी योग्य, असें आपल्या हिशेबावरूनच ठरतें.

लांबीनंतर रुंदीचा विचार. रुंदीविषयीं एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. होडीचें सुरुवातीचें स्थैर्य रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. ३३ इंच रुंदीच्या ऐवजीं ३६ इंच घेतली, तर रुंदी अकराव्या हिश्शानेंच वाढली, पण स्थैर्य शेंकडा ३० नें वाढलें. मग रुंदी मन मानेल तितकी कां वाढवूं नये? याचें उत्तर आपल्या ऊंसाच्या मुलखांतच आहे. पुराच्या वेळीं नदीकांठच्या कांहीं गांवांत गुळाची काहील पाण्यांत सोडून तींतून माणसें पैलतीरास नेतात. काहील गोल, रुंद व उथळ. ओझें ती चांगलें वाहते. पण ती एका दिशेनें चालत नाहीं, जागच्या जागीं फिरत राहते आणि प्रवाह नेईल तिकडे जाते. चालणें हवें तर लांबी हवी, आणि उभें राहणें हवें तर रुंदी हवी. तिघांच्या कॅनूस ३५ ते ३७ इंचांची रुंदी हा या दोहोंतला चांगला तोडगा आहे.

बुडाच्या आकाराविषयीं नवशिके हमखास फसतात. अगदीं सपाट बुडाची होडी कांठाशीं पाय ठेवतांच खंबीर वाटते. परंतु सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागास चिकटून राहतें. लाट कलली कीं तेंही तिच्याबरोबर कलतें. उलट, अगदीं गोल बुडाची होडी पाय ठेवतांच डुलते आणि सामान घातलेल्या तिघांना दिवसभर बेचैन ठेवते. या दोहोंमधील, म्हणजे परातीच्या बुडासारखें किंचित् बाहेर फुगलेलें बूड पसंत करावें. त्याचप्रमाणें बाजूनें पाहतां बुडाची रेषा सरळ आहे कीं टोकांकडे उचललेली, तें पाहावें. उचललेली होडी चटकन् वळते, म्हणून खळाळत्या नदीस ती चांगली. जलाशयावर मात्र वारा तिला सहज फिरवितो. आपल्याला जवळजवळ सरळ रेषा हवी. टोकें फार उंच असूं नयेत. वारा तीं शिडासारखीं धरतो.

होडी कशाची केलेली असावी? याचाही निर्णय या पाण्यावरच होतो. उजनीच्या पोटांत जुनीं गांवें आहेत. पळसदेवचें प्राचीन देऊळ पाणी ओसरलें कीं बाहेर येतें आणि भरलें कीं पुन्हां बुडतें. तशाच कित्येक भिंती, चौथरे व झाडांचे खुंट पाण्याखालीं हात-दीड हातावर दडलेले असतात. फायबरची होडी हलकी व देखणी असते, पण दगडावर आपटल्यास तिला तडा जातो. तडा बुजवितां येतो, मात्र त्यास साहित्य व वाळण्यास वेळ लागतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्यास पोंचा येतो, फाटत तो क्वचित्. पण उन्हांत तो तापतो व वाजतो, आणि पक्षी पाहणाऱ्यास तो आवाज परवडत नाहीं. जाड प्लास्टिकची होडी धक्के सोसते, किंमतीलाही बेताची असते, परंतु सतरा फुटी होडी ३५ किलोंच्या पुष्कळ वर जाते. पाणी मागें हटलें म्हणजे कांठाशीं रुंद चिखलाचा पट्टा उघडा पडतो, आणि संध्याकाळीं थकलेल्या तिघांना होडी त्यावरून कोरड्या जमिनीपर्यंत न्यावयाची असते. दोघांना जी उचलत नाहीं ती होडी आपली नव्हे. कारण तिसऱ्याच्या हातांत सामान असणार. म्हणून मोटारीचा रस्ता जवळ असेल तर प्लास्टिक, आणि वारंवार उचलावें लागणार असेल तर चांगल्या बांधणीचें फायबर, असा विवेक करावा. हवेनें फुगविण्याची होडी उचलण्यास सोपी खरी. पण वारा तिला पानासारखी उडवीत नेतो, आणि कांठची बाभूळ तिची वैरीण आहे.

श्रोतेहो, आतांपर्यंत आपण होडीची लांबी-रुंदी पाहिली. पण खरा प्रश्न तिसऱ्या माणसाच्या जागेचा आहे. दोन माणसांसाठीं केलेल्या होडींत पुढें व मागें अशीं दोनच आसनें असतात. तिसरा मग मध्यें सामानावर बसतो. हा प्रघात अत्यंत वाईट. वजन जितकें उंच तितकी होडी उलटण्यास उत्सुक. आणि गांठोड्यावर बसलेल्या माणसाचें डोकें व छाती या सर्वांच्या वर असते. तिसऱ्याचें आसन मध्यभागीं, बुडापासून चार-पांच बोटें वर, स्वतंत्र व पक्कें बसविलेलें असावें. त्याच्यापुढें गुडघे टेकण्यास जागा असावी; वारा सुटतांच तिघांनींही गुडघ्यांवर बसलें म्हणजे होडी निम्मी निर्धास्त होते. सामान दोन भागांत करून मधल्या माणसाच्या पुढें व मागें, सर्वांत जड वस्तु तळाशीं, अशा रीतीनें बांधावें. पाण्याचे डबे अगदीं तळाशीं. होडी पाण्यावर समपातळींत, किंवा मागें किंचित् जड राहील असें पाहावें. वाऱ्याच्या तोंडावर जावयाचें असेल तेव्हां मात्र पुढची बाजू थोडी जड करावी, नाहींतर टोक भरकटतें. वल्हविणारे दोघे आणि एक विश्रांतीस, अशी पाळी लावावी. पण जागांची अदलाबदल कांठास लागूनच करावी. चालत्या होडींत एकानें दुसऱ्यास ओलांडून जाणें म्हणजे संकटास बोलावणें होय. चौथें वल्हें राखीव ठेवावें.

कोणी विचारील, एकाच होडीचा आग्रह कां? दोन लहान होड्या घेतल्या तर? हा विचार टाकाऊ नाहीं. दोन होड्या असल्या म्हणजे एकीस अपघात झाल्यास दुसरी मदतीस येते, आणि दोन्हींची कोरडी कड चांगली राहते. अडचण ही कीं, एका होडींत एकटाच माणूस राहतो. दुपारच्या वाऱ्यांत तो मागें पडतो, आणि मागें पडलेल्यास मदत करण्यासाठीं पुढच्यांना वाऱ्याशीं झगडत परतावें लागतें. तिघांपैकीं एखादा तरबेज असेल तर दोन होड्या अवश्य घ्याव्या. तिघेही नवशिके असतील तर लांब होडींत एकत्र राहणें बरें, आणि तेंही कांठ न सोडतां.

पसंत पडलेली होडी विकत घेण्यापूर्वीं तिची दोन प्रकारें परीक्षा घ्यावी. पहिली परीक्षा कंबरभर पाण्यांत. जितकें ओझें नेणार तितक्या वजनाचीं वाळूचीं पोतीं व तिघे माणसें तींत घालून कोरडी कड पट्टीनें मोजावी. आठ इंच भरली तर उत्तम. सहाच्या खालीं गेली तर ती होडी तिघांची नव्हे. दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची. ओझें काढून होडी पाण्यानें कांठोकांठ भरावी व तिघांनीं बाहेरून तिला धरून राहावें. चांगल्या होडीच्या दोन्ही टोकांत हवाबंद कप्पे असतात. पाण्यानें भरली तरी ती तरंगते आणि धरणाऱ्यांस आधार देते. जी तळास जाते ती होडी फुकट मिळाली तरी घेऊं नये.

होडी कितीही चांगली असली तरी ती वाऱ्याचा करार करून येत नाहीं. म्हणून लाइफ जॅकेट होडींत ठेवण्याची वस्तु नव्हे, ती अंगावर बांधण्याची वस्तु आहे. तिघांना तीन, आणि प्रत्येकास आपल्या मापाचें. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या दिवसांत दुपारनंतर मोकळ्या पाण्यावर राहूं नये. क्षितिजावर ढग काळवंडले, किंवा दूरच्या कांठावर धूळ उठतांना दिसली, कीं जवळचा कांठ गांठावा, मग मुक्काम तेथेंच पडला तरी चालेल. प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जलाशय बहुधा भरलेला असतो, सकाळीं वारा शांत असतो आणि पाहुणे पक्षी आलेले असतात. त्या पक्ष्यांपासून दूर राहावें, मासेमारांचीं जाळीं ओलांडूं नयेत, आणि निघण्यापूर्वीं जलाशयावर होडी नेण्याचे नियम संबंधित कचेरींत विचारून परवानगी घ्यावी. कांठच्या गांवांतील जाणत्या मासेमाराशीं अर्धा तास बोलणें हा तर कोणत्याही पुस्तकापेक्षां चांगला अभ्यास आहे. कोणत्या बाजूस भिंती बुडालेल्या आहेत आणि वारा कोणत्या वेळीं फिरतो, हें त्याला ठाऊक असतें.

सारांश इतकाच. पाणी कोणतें तें आधीं ठरवावें. माणसें, सामान व पिण्याचें पाणी यांची खरी बेरीज करावी. ती बेरीज घालून जी होडी आठ इंच कोरडी राहते, जींत तिसऱ्यास खालच्या पातळीवर स्वतःची जागा आहे, जी दोघांना उचलते, आणि जी पाण्यानें भरूनही बुडत नाहीं, ती तिघांची होडी. अशी होडी मिळेपर्यंत दोघांनींच जावें आणि तिसऱ्यानें कांठावर थांबून वाट पाहावी, यांत कमीपणा कांहीं नाहीं. पुढच्या खेपेस त्याची पाळी येईलच.